माळवद ते पत्रा : शिरूर-दौंड परिसरातील व्यापारी इमारतींच्या छपरांच्या बदलाचा इतिहास

प्रस्तावना

इमारतीचा पाया केव्हा घातला गेला याची नोंद शिलालेखात, सनदेत किंवा निदान खरेदीखतात सापडते. तिचे छप्पर केव्हा उतरविले व त्याच्या जागी दुसरे कोणते चढविले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. वस्तुतः भिंती शतकभर उभ्या राहतात आणि तेवढ्या काळात छप्पर दोन-तीन वेळा बदलते. त्यामुळे एखाद्या बाजारपेठेचा आर्थिक इतिहास तिच्या भिंतींपेक्षा छपरांतून अधिक स्पष्ट वाचता येतो. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या दोन गावांच्या परिसरातील दुकाने, वखारी, गुऱ्हाळे व कारखाने यांच्या छपरांत गेल्या सुमारे दीडशे वर्षांत झालेल्या बदलाचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, जुने छप्पर काढून नवे निवडताना ‘उत्तम छप्पर कोणते’ हा प्रश्न क्वचितच निर्णायक ठरला. माल कोणत्या वाटेने येतो, शासनाचे नियंत्रण कशावर आहे आणि छपराखालची जागा कोणाच्या मालकीची व कोणाच्या वहिवाटीची आहे, यांवरून निवड होत गेली. या निवडीचा खर्च मात्र दरवेळी निवड करणाऱ्याच्याच माथी पडला असे दिसत नाही.

ही दोन गावे एकत्र घेण्यास कारण आहे. दोन्ही पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. वार्षिक पाऊस साधारणतः ५०० मिलिमीटरच्या आसपास. माती, ऊन, वारा व पाऊस यांत मोठा फरक नाही. फरक आहे तो वाटेचा. घोड नदीकाठचे शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, हे पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) रस्त्यावरील जुने छावणीचे गाव. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याची तुकडी कोरेगावकडे निघाली ती येथूनच. छावणीच्या आश्रयाने येथे बाजार वाढला, परंतु आगगाडी शिरूरला कधीच आली नाही. भीमेकाठच्या दौंडला ती फार लवकर आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८५८ ते १८६० या काळात पुणे-सोलापूर मार्ग पूर्ण केला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि इंग्रजी कागदपत्रांतले ‘धोंड’ हे जंक्शन बनले. हवामान तेच आणि वाहतूक वेगळी, अशी ही जोडी अभ्यासास सोयीची आहे.

माळवद : भाराचे छप्पर

मावळात पाऊस धो-धो पडतो, म्हणून तेथे उतरते कौलारू किंवा गवती छप्पर. देशावर पाऊस कमी, म्हणून तेथे सपाट धाबे, ही विभागणी सर्वपरिचित आहे. देशावरच्या पेठेतील दुकानाची जुनी रचना खण मोजून होत असे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलच, आणि त्यावर फूटभर किंवा अधिक जाडीचा मातीचा थर. यासाठी बहुधा गावच्या पांढरीची किंवा खारी माती वापरीत, कारण ती पाणी सहज आत मुरू देत नाही. पाणी बाहेर टाकण्यासाठी भिंतीतून पन्हळी काढीत.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने माळवदाचे तीन गुण महत्त्वाचे होते. मातीच्या जाड थरामुळे उन्हाळ्यात खालची पेढी थंड राही. सपाट माथ्यावर मिरची, धान्य, डाळी वाळविता येत. म्हणजे छप्पर हीच एक कामाची जागा असे. तिसरा गुण असा की, दुरुस्तीसाठी बाहेरून काहीही विकत आणावे लागत नसे. मृगापूर्वी गवत उपटणे, चिरा बुजविणे आणि नव्या मातीचा हात देऊन थर चोपणे, एवढ्यावर वर्ष निभावत असे.

दोष याच तिसऱ्या गुणाच्या पोटात होता. दरवर्षी माती चढते, पण उतरविली जात नाही, म्हणून छप्पर वर्षागणिक जड होत जाते. एक फूट जाडीच्या कोरड्या मातीचे वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते. भिजल्यावर ते आणखी वाढते. तुळई वाळवीने पोखरली किंवा भिंतीच्या आत बसलेले तिचे टोक कुजले, की हा भार खालच्या माणसांवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात हजारो माणसे दगावली, त्यांतील बहुसंख्य दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील असे मातीचे धाबे यांखाली गाडली गेली. त्यानंतर भूकंपक्षेत्राच्या बाहेरही धाब्याविषयीचा विश्वास डळमळला. तथापि शिरूर-दौंडच्या पेठांत माळवद मागे पडू लागले ते या घटनेच्या पुष्कळ आधी, आणि त्याचे कारण भूकंपाचे नव्हते.

गवती छपराचा विचार येथे थोडक्यात पुरे. उसाच्या पाचटाने शाकारलेले गुऱ्हाळ किंवा गवताने शाकारलेली वखार ही सर्वांत स्वस्त, परंतु चुलवणाच्या ठिणगीला सर्वांत सोपी. गावांतील आगींचा अनुभव ध्यानी घेऊन मुंबई इलाख्याच्या नगरपालिका कायद्यांत ज्वलनशील पदार्थांच्या छपरांवर व बाह्य भिंतींवर निर्बंध घालण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला आणि पुढे तो १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमातही राहिला. पेठेच्या हद्दीत गवताचा प्रश्न त्यामुळे फारसा उरला नाही. शेतातील गुऱ्हाळांवर ते पुष्कळ काळ टिकले.

रुळांवरून आलेली छपरे

माळवदाला पर्याय म्हणून जी छपरे आली ती तिन्ही दिशांनी, आणि तिन्ही वाहनावर बसून आली.

पहिले मंगलोरी कौल. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये मंगलोरजवळ जेप्पू येथे यंत्राने दाबलेल्या कौलांचा कारखाना सुरू केला. एकमेकांत अडकणारी ही कौले मुळात फ्रान्समधील गिलार्दोनी बंधूंच्या १८४० नंतरच्या नमुन्यावर आधारलेली. गावच्या कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ती आकाराने सारखी, संख्येने कमी लागणारी, आणि माकड किंवा मांजर चढल्याने सहज न सरकणारी. समुद्रमार्गे ती मुंबईस येत व तेथून रेल्वेने घाटावर चढत. रेल्वेने स्वतःच्या स्थानकांवर, चाळींवर व गुदामांवर ती वापरली, आणि रेल्वेचे बांधकाम हेच त्या काळी भोवतालच्या पेठांना नमुना म्हणून दिसत होते.

दुसरी शहाबादी फरशी. दौंड ज्या मार्गावर आहे तोच मार्ग सोलापूर, वाडीमार्गे पुढे रायचूरला जातो आणि शहाबादच्या खाणी त्या मार्गालगत आहेत. लोखंडी तीर किंवा मोडीत निघालेले रूळ भिंतीवर टाकून त्यांवर फरशी अंथरणे व वर चुन्याचा कोबा करणे, ही रचना सोलापूर-गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) पट्ट्यात रूढ होती. माळवदाची सपाटी कायम ठेवून लाकूड व माती टाळणारा हा पर्याय होता. मात्र फरशी जड, आणि रेल्वे सोडून बैलगाडीत चढविली की तिचा भाव वाढत जाणार.

तिसरा पन्हाळी पत्रा. याचा जन्मच व्यापारी इमारतीसाठी झाला, हे लक्षणीय आहे. हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये लंडनमध्ये याचे पेटंट घेतले आणि पहिला वापर लंडन गोदीतील मालाच्या शेडसाठी केला. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत शोधली आणि पत्र्याचे आयुष्य वाढले. पातळ पत्र्याला घड्या पाडल्या की तो स्वतःच्या बळावर मोठे अंतर पेलतो, म्हणून वासे-रिपांचे जाळे लागत नाही. कौलाला ठळक उतार लागतो, पत्र्याला अल्प उतार पुरतो. त्यामुळे दुकानाची दर्शनी भिंत उंच घेऊन मागे पत्रा झाकता येतो.

वजनाची तुलना केली तर बदलाचे स्वरूप स्पष्ट होते. माळवद पाचशे किलो, मंगलोरी कौल सुमारे चाळीस, सिमेंटचा पत्रा सुमारे पंधरा, आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चार-पाच किलो, हे सर्व आकडे प्रति चौरस मीटरचे. रेल्वेच्या वाघिणीतून उतरलेला माल गाडीवर घालून शिरूरसारख्या आडमार्गी पेठेत न्यायचा असल्यास यांतला कोणता परवडेल, हे सांगावे लागत नाही. कौलाचा हजाराचा ढीग वाटेत फुटतो. पत्र्याची चवड दोरीने बांधून जाते. पत्र्याच्या प्रसारास त्याचे टिकाऊपण जेवढे कारणीभूत, तेवढेच त्याचे वाहतुकीतील हलकेपण.

या हलकेपणाची दुसरी बाजू फार उशिरा ध्यानात आली. मातीचे व कौलांचे छप्पर वजनाने बसून राहते. पत्र्याला धरून ठेवावे लागते. भारतीय मानकांनुसार पुणे परिसरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्याचा दाब हिशेबाने चौरस मीटरला नव्वद किलोच्या वर भरतो, आणि छपराच्या कडांना वारा दाबण्याऐवजी वर उचलतो. पाच किलोचा पत्रा व नव्वद किलोचा उपसा यांमधला फरक हुक, वायसर व कैचीची भिंतीतील पकड यांनी भरून काढावयाचा असतो. जुन्या दुकानाची कौले उतरवून त्याच वाशांवर पत्रे ठोकले गेले तेथे ही पकड बहुधा नवी केली गेली नाही, कारण कौलांना तिची गरजच नव्हती. वळवाच्या वावटळीत उडालेले पत्रे आणि पत्र्यांवर ठेवलेले दगड व वाळूच्या गोण्या ही त्याची आजही दिसणारी खूण आहे. दगड हे एका अर्थाने माळवदाच्या गमावलेल्या वजनाची भरपाई होय. पण वारा जोराचा असेल तर तोच दगड रस्त्यावर येतो.

नियंत्रणाचा काळ आणि सिमेंटचा पत्रा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्ताचा पत्रा मुख्यतः आयात होता. १९२४ च्या पोलाद-उद्योग संरक्षण कायद्याने आयात मालावर जकात वाढविली; हळूहळू देशी पत्राही बाजारात आला. परंतु दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या लोखंड-पोलाद नियंत्रण आदेशानंतर, पत्रा ही परवान्याची वस्तू झाली. ज्याला परवाना त्याला पत्रा, उरलेल्यांना काळा बाजार किंवा जुनी गळती.

ही पोकळी भरून काढली ती सिमेंट व ॲस्बेस्टॉस तंतू यांच्या पत्र्याने. ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक याने विसाव्या शतकाच्या आरंभी या मिश्रणाचे पेटंट घेतले व मालाला ‘एटर्निट’ असे नाव दिले. ‘शाश्वत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते घडविले आहे. भारतात १९३४ मध्ये मध्य प्रांतातील कैमूर येथे उत्पादन सुरू झाले, पुढे मुंबईजवळ मुलुंड येथेही कारखाना उभा राहिला. हा पत्रा गंजत नाही, पावसात जस्ताच्या पत्र्याइतका वाजत नाही, तापतोही थोडा कमी. पोलादाच्या परवान्यावाचून तो मिळे. बोलभाषेत त्याचे नाव ‘सिमेंटचा पत्रा’ असेच पडले, आणि हे नाव निरुपद्रवी ठरले नाही. ॲस्बेस्टॉस हा शब्दच त्यातून गळाला.

स्वातंत्र्योत्तर काळात या पत्र्याला शासकीय प्रतिष्ठाही मिळाली. ग्रामीण पतपाहणी समितीच्या १९५४ च्या अहवालानंतर १९५६ चा वखार महामंडळांविषयीचा कायदा झाला आणि राज्यात वखार महामंडळ स्थापन झाले. शेतमाल वखारीत ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज काढण्याची सोय झाल्यामुळे वखारीचे छप्पर हा बँकेच्याही आस्थेचा विषय बनला. देशभर नमुनेदार गोदामाची रचना दीर्घकाळ एकच होती : पोलादी कैच्या, त्यांवर सिमेंटचे पत्रे. बाजार समित्यांचे गाळे, सहकारी संस्थांची गुदामे, कोंबडीपालनाच्या शेड, सगळीकडे तोच नमुना उतरला. दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, केडगाव-यवत भागात गुऱ्हाळे वाढली; तेथेही पाचटाची जागा पत्र्याने घेतली. काहिलीची वाफ व चुलवणाचा धूर यांत जस्ताचा पत्रा लवकर सडतो, हे ध्यानी घेतल्यास गुऱ्हाळवाल्याची सिमेंटच्या पत्र्याकडे ओढ समजण्यासारखी आहे.

स्लॅब का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. सिमेंटही परवान्यावर होते. महाराष्ट्रात सिमेंटच्या वाटपावरून राजकीय वादळ उठले आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना पद सोडावे लागले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्णपणे, आणि १९९२ मध्ये पोलादाच्या किमतीही खुल्या झाल्या. तालुक्याच्या पेठांत स्लॅब सर्वत्र दिसू लागला तो या दशकात, हा योगायोग मानता येणार नाही.

स्लॅबला आधुनिकतेचे चिन्ह मानण्याची रीत आहे. कार्याच्या दृष्टीने पाहिल्यास ते माळवदाचे पुनरागमन आहे. माथा सपाट, वर चालता येते, वाळवण घालता येते, पाण्याची टाकी ठेवता येते, आणि पैसा येईल तेव्हा वर दुसरा मजला चढविता येतो. कौल व पत्रा यांनी हिरावलेली ही वरची जागा स्लॅबने परत दिली. सुमारे १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजनही चौरस मीटरला तीनशे किलो, म्हणजे माळवदाच्या बरेच जवळ. माळवदाचा थंडावा मात्र परत आला नाही.

भाडेकरू, मालक आणि ‘कायम स्वरूपाचे बांधकाम’

आतापर्यंतचे विवेचन छपराच्या मालाविषयी झाले. परंतु पेठेतील दुकान बहुधा एकाच्या मालकीचे व दुसऱ्याच्या वहिवाटीचे असते, आणि छप्पर बदलण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथेच अडतो. या विषयाच्या अभ्यासात हा भाग बहुधा दुर्लक्षिला जातो, म्हणून त्याकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने, तो लागू असलेल्या क्षेत्रांत, प्रमाणभूत भाड्याची सांगड १९४० च्या भाड्याशी घातली. इमारत वापरण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे. मालकाने नोटीस देऊनही दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद होती; परंतु वर्षभरात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे जाऊ शकत नव्हती. १९४० च्या पातळीवर गोठलेल्या भाड्याचा एक हिस्सा म्हणजे किती पत्रे, हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला तोंडपाठ येण्यासारखा होता. मालकाला भाड्यातून छप्पर परवडेना, भाडेकरूला वजावटीतून ते निघेना. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी कालांतराने अवास्तव झाल्याचे म्हटले आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. दुरुस्तीचे कर्तव्य व मर्यादित वजावट ही चौकट त्यातही कायम आहे.

भाडेकरूने स्वतःच्या खिशातून छप्पर बदलायचे ठरविले तरी मार्ग मोकळा नव्हता. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे दोन्ही कायद्यांनुसार जागा खाली करून घेण्याचे एक कारण आहे. मग कौल काढून पत्रा घालणे ही दुरुस्ती की बांधकाम? पत्रा काढून स्लॅब टाकला तर? वेंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या मुंबईच्या प्रकरणात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचे स्वरूप, ते जागेशी कसे व किती जोडले आहे, करणाऱ्याचा हेतू आणि मूळ इमारतीस इजा न होता ते काढता येते का, अशा कसोट्या विचारात घेतल्या. या कसोट्यांवर नट-बोल्टचा पत्रा सुरक्षित व ओतलेला स्लॅब धोक्याचा ठरण्याची शक्यता उघड आहे. म्हणजे ज्या छपराने दुकान खऱ्या अर्थाने टिकाऊ झाले असते तेच छप्पर भाडेकरूची वहिवाट धोक्यात आणणारे. पेठेत पत्र्यावर पत्रा चढत गेला याचे एक कारण कारागिराच्या हातात नसून कायद्याच्या या कलमात आहे.

१९९९ च्या कायद्यात कायम स्वरूपाच्या बांधकामात काय मोडत नाही याची यादी दिली आहे. आवश्यक तेथे नगरपालिकेच्या परवानगीने केलेली लाकडी पडदी, खिडकी, वातानुकूलन यंत्र यांबरोबर तीत ‘फॉल्स सीलिंग’चाही समावेश आहे. तापलेल्या पत्र्याखाली बसणाऱ्या दुकानदाराला कायद्याने दिलेली मोकळीक ती एवढी : छप्पर बदलू नका, ते दिसणार नाही असे करा. अशा खोट्या छताखाली गळती, गंज व कुजलेले वासे पुष्कळ काळ झाकले जातात.

छप्पर कोसळलेच तर काय, या प्रश्नाचे उत्तर एकविसाव्या शतकात दोनदा बदलले. वन्नट्टनकंडी इब्राई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुकानाची इमारत नष्ट झाल्यास भाडेकरूचा हक्कही संपतो असा निर्णय दिला. २०१४ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड येथील महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीसंबंधीच्या शहा रतनसी खिमजी प्रकरणात न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हे मत रद्द ठरविले. इमारत गेली तरी जमिनीसह असलेला भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे ठरले. या तेरा वर्षांच्या अवधीत मालकाच्या बाजूने छप्पर पडू देणे फायद्याचे व भाडेकरूच्या बाजूने ते कसेही तोलून धरणे अपरिहार्य होते. खालच्या गिऱ्हाइकाचा व हमालाचा जीव हा या हिशेबात तिसऱ्या पक्षाचा होता, आणि तो पक्ष न्यायालयात नव्हता.

जुना पत्रा उतरविताना

शिरूर तालुक्यातील रांजणगाव व दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यावर छपरांची नवी पिढी आली. जस्त व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र मुलाम्याचा, रंग दिलेला पोलादी पत्रा हे तिचे वैशिष्ट्य. ५५ टक्के ॲल्युमिनियमचा हा मुलामा अमेरिकेत १९७२ पासून व्यापारी स्वरूपात वापरात आहे. महामार्गालगतची मंगल कार्यालये, शोरूम, ढाबे यांनी तोच पत्रा उचलला. ‘ढाबा’ या शब्दाचे धाब्याशी असलेले ध्वनिसाम्य सोडले, तर या इमारतींचा जुन्या धाब्याशी काही संबंध उरलेला नाही.

त्यामुळे आज प्रश्न असा आहे की, तीस-चाळीस वर्षांपूर्वी घातलेले सिमेंटचे पत्रे आता बदलण्याच्या वयाला आले आहेत आणि ते उतरविणे हेच सर्वांत धोक्याचे काम आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे विकार व कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. रोग प्रकट होण्यास वीस ते चाळीस वर्षेही लागतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर प्रकरणात अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी आहे. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अद्याप बनतात व विकले जातात. १९९५ च्या निर्णयाचा रोख कारखान्यातील व खाणीतील कामगारावर होता. बाजारातील गाळ्यावर चढून हातोड्याने जुना पत्रा फोडणाऱ्या रोजंदारी मजुराची नोंद कोणत्या वहीत ठेवायची, हे त्याने सांगितले नाही.

अखंड पत्र्यातून तंतू सहसा बाहेर पडत नाहीत. पत्रा फोडणे, कापणे, घासणे, छिद्र पाडणे यांतून ते पडतात. म्हणून पत्रा पाण्याने ओला करून, बोल्ट कापून न फोडता अखंड उतरविणे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणे व ठरवून दिलेल्या जागी पुरणे, ही मान्य रीत आहे. शिवाय जुना पत्रा ठिसूळ होतो. त्यावर थेट पाय देऊन माणूस आरपार खाली पडल्याच्या घटना छपरांच्या कामात नेहमीच्या आहेत. कारखाने अधिनियमाखालील नियमांत ठिसूळ छपरावर फळ्या किंवा शिड्या टाकूनच चढण्याची अट होती, परंतु दुकानाचा गाळा कारखान्याच्या व्याख्येत बसत नव्हता.

जुन्या पत्र्यावरच नवा रंगीत पत्रा चढवावा, असा सल्ला खर्च वाचविण्यासाठी दिला जातो. तो सर्वथा त्याज्य नाही, कारण जुना पत्रा फुटत नाही. मात्र नवे स्क्रू जुन्या पत्र्यातून गेले तर छिद्र पडतेच, आणि दोन्हींचा भार व वाऱ्याचा उपसा जुन्याच कैच्यांवर येतो. कैच्या तपासून नवे परलिन स्वतंत्रपणे धरल्याखेरीज हा मार्ग धरू नये, हे स्थापत्याच्या दृष्टीने उघड आहे. उष्णतारोधक फेस भरलेली पॅनेल, ॲस्बेस्टॉसविरहित तंतुसिमेंटचे पत्रे, सौर पट्ट्या पेलतील असे जाड पत्रे, असे पर्याय आता तालुक्याच्या गावीही मिळतात. दुकानदार मात्र आजही पहिला प्रश्न विचारतो तो भाडेपट्टा किती वर्षांचा उरला आहे हा.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने शेवटी एका साधनाची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. २००१ व २०११ च्या जनगणनेत प्रत्येक घराच्या, म्हणजे दुकाने व गुदामे यांच्याही, छपराचा माल नोंदविला गेला. हाताची कौले व यंत्राची कौले यांसाठी २०११ च्या जनगणनेत वेगवेगळे रकाने आहेत. जस्ताचा पत्रा, इतर धातूचा पत्रा व ॲस्बेस्टॉसचा पत्रा यांसाठी मात्र एकच. शिरूर व दौंडमध्ये किती छपरे पत्र्याची आहेत हे त्यावरून कळते, त्यांतील किती छपरांखाली हा धोका आहे ते कळत नाही. नगरपालिकेच्या मालमत्ता-कर आकारणीच्या वह्या, बाजार समित्यांची बांधकाम-देयके आणि वखारींच्या दुरुस्तीच्या निविदा यांत मात्र पत्र्याचा प्रकार, जाडी व बसविल्याचे वर्ष लिहिलेले असण्याचा संभव अधिक आहे. पत्रे उतरविण्यापूर्वी या वह्या तपासल्या गेल्या, तर मजुराला वर चढविण्याआधीच तो कशावर पाय ठेवणार आहे हे कळू शकेल.